हरकत

आयुष्यभर मी म्हणत आले, हरकत नाही.
बदली नांदेडला? हरकत नाही.
लग्नाच्या यादीत माझं नाव शेवटी? हरकत नाही.
वरच्या टोणप्यांच्या कुंडीतून
माझ्या धुतल्या चादरीवर लाल माती,
असू द्या हो, एवढं काय.

एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा घेतली.
क्रमांक दोनशे बारा, तीन प्रतींत.

नकाशात आमची गल्ली नऊ मीटर रुंद आहे.
दाबक्यांकडे टेप नव्हती,
म्हणून रविवारी आम्ही बॅडमिंटनची जाळी उतरवली.
जाळी सहा मीटर दहा, हे त्यांना पाठ.
या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत धरली
आणि जाळीला झोळ आला.
कोणी बोललं नाही.
दूधवाला मोटरसायकल थांबवून बघत राहिला,
मग वाकून खालून निघून गेला.

याच गल्लीतून
चौतीस मजल्यांचे तीन मनोरे आत यायचेत.
माहितीपत्रक गुळगुळीत, जाड.
अकराव्या मजल्यावर समुद्र आहे.
पुण्यात. बाणेरच्या टेकडीखाली. वाळूसकट.
लाटा सकाळी सात ते नऊ.
आमच्याकडे पाणी दिवसाआड,
पहाटे पाच ते सव्वासहा,
आणि तेही नळ आधी खोकतो, मग येतं.

सुनावणीला पंखा एक, माणसं ऐंशी.
साहेब सभ्य होते, मुद्द्याचं बोला म्हणाले.
मी म्हटलं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी
आमच्या गच्चीवर साडेदहानंतर ऊन येणार नाही,
सोलरचं पाणी तापणार नाही.
ते म्हणाले, बाई, सावली नियमात बसत नाही.
कोपऱ्यात कोणीतरी हसलं.
मलाही हसू आलं, खरं सांगते.
तीस वर्षं बँकेत मीही हेच सांगितलंय लोकांना,
याच आवाजात.

मग हौसाबाई चांदेरे उठल्या.
मला वाटलं, आमच्याच बाजूनं.
तशा त्या आमच्याच बाजूनं होत्या.
म्हणाल्या, टावर नको. लिहून घ्या.
पण यांची चार मजली आली तवा
आमची इहीर त्याच उन्हाळ्यात आटली.
तवा बी आमी नकोच म्हनलं होतं.
तवा टेबल नव्हतं मांडलेलं,
कुनाला म्हनायचं?
मग माझ्याकडे वळून, अगदी मऊपणे,
ताई, तुमचा जिना हाये ना,
तिथं आमचा हरभरा असायचा.

सत्तावीस वर्षं मी तो जिना चढते आहे.
गुडघा दुखतो म्हणून मोजलेत,
पंधरा आणि पंधरा.
हरभरा कधी मनात आला नव्हता.
काय बोलावं सुचेना.
बाकावरची पिशवी मांडीवर घेतली.
त्या बसल्या.
त्यांच्या अर्जाचा आकडा दोनशे तेरा,
अंगठा थोडा फिसकटलेला,
शाई माझ्या बाहीलाही लागली.

साहेबांनी सगळ्यांची नोंद घेतली.
नोंद घेणं म्हणजे काय, मला ठाऊक आहे.
शिक्का उचलताना हात हलका पडला
की कागद लांब जात नाही.
त्यांचा हात मी बघत होते.
दोनशे बाराला ठसा अर्धा उमटला.
मी म्हटलं, पुन्हा मारा.
त्यांनी वर पाहिलं.
मी म्हटलं, नीट मारा, तारीख दिसत नाही.
मारला.

परत येताना रिक्षा केली, दोघींत एक.
तोंडाशी खडीचा ट्रक आडवा उभा.
मंजुरी अजून यायची आहे, खडी आली.
रिक्षावाला म्हणाला, मॅडम, आत वळणार नाही,
इथंच सोडू का?
हौसाबाई माझ्याकडे बघत होत्या.

हरकत, म्हणाले मी,
आणि पुढचा शब्द तोंडात आला होता,
सवयीनं,
सुटे पैसे शोधत मी तो
तसाच धरून ठेवला.